खेडची लढाई : खरा शाहू की तोतया?

पुण्याहून नाशिकला जाताना चाकण मागे पडलं की राजगुरूनगर येतं. भीमेवरचा पूल, रस्त्याला लागून बाजारपेठ, कायमची गर्दी. गावाचं जुनं नाव खेड. हुतात्मा राजगुरूंचं हे जन्मगाव, हे बहुतेकांना माहीत असतं. पण याच भीमेच्या काठी १२ ऑक्टोबर १७०७ रोजी दोन मराठी फौजा एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि शिवछत्रपतींनी उभ्या केलेल्या राज्याचा धनी कोण हे त्या दिवशी ठरलं, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. मीही या रस्त्याने किती वर्षं गेलो असेन, पण पुलावरून खाली नदीकडे बघताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

शाळेत ही लढाई एका ओळीत संपते. ताराबाई हरल्या, शाहू जिंकले, पुढचा धडा पेशव्यांचा. त्या एका ओळीत काय काय दडलंय ते नीट उलगडून बघायला हवं. कारण ही लढाई तलवारीने जेमतेमच लढली गेली. तिचा निकाल लागला तो एका साध्या प्रश्नावर : समोर उभा असलेला पंचवीस वर्षांचा तरुण खरोखर संभाजीराजांचा मुलगा आहे का?

आधी घरातली नाती लक्षात घेऊ, कारण सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. शिवाजी महाराजांना दोन मुलगे, थोरले संभाजी आणि धाकटे राजाराम. १६८० साली महाराज गेले आणि संभाजीराजे गादीवर आले. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने त्यांची हत्या केली. त्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. १६८२ च्या मे महिन्यात माणगावजवळच्या गांगवलीला जन्मलेला. त्याचं पाळण्यातलं नाव आजोबांचंच, शिवाजी. पुढे जगाने त्याला शाहू म्हणून ओळखलं.

मोगल रायगडाभोवती होते. राजारामांना मंचकावर, म्हणजे गादीवर, बसवलं होतं. राजघराण्यातले सगळेच एका गडावर अडकले तर राज्यच बुडेल हे ओळखून राजाराम गडाबाहेर पडले आणि पुढे थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला पोचले. हा सल्ला खुद्द संभाजीराजांच्या पत्नी येसूबाईंचा होता, असं परंपरा सांगते. नवऱ्याच्या हत्येला महिनाही झाला नव्हता आणि ही बाई स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून दिराला म्हणाली की तुम्ही निघा, राज्य वाचवा. मागे राहिलेल्या येसूबाई आणि छोटा शाहू नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगडाबरोबर मोगलांच्या हाती लागले.

तिथून पुढची अठरा वर्षं शाहू औरंगजेबाच्या छावणीत वाढले. ही छावणी एका जागी नसायची. तंबूंचं एक मोठं शहरच दख्खनभर फिरत असे, आणि त्यात हे कैदी मायलेकही फिरत. बादशहाने शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब, म्हणजे मोगल दरबारातला मोठा हुद्दा, दिली होती. बादशहाची मुलगी झीनतउन्निसा त्यांच्यावर माया करी, असं सांगतात. पण मानमरातब कितीही असला तरी ती कैदच होती.

इकडे राजाराम जिंजीत जवळपास आठ वर्षं वेढा झेलत राहिले, परत आले आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. आता राज्याला धनी नाही, बादशहा ऐंशी ओलांडलेला पण एकेक किल्ला घेत सुटलेला. अशा वेळी राजारामांच्या पंचवीस वर्षांच्या विधवेने, हंबीरराव मोहित्यांच्या लेकीने, आपल्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. त्या ताराबाई. त्यांच्या मुलाचं नावही शिवाजीच. म्हणजे एका राज्यावर हक्क सांगणारे दोन चुलतभाऊ, आणि जन्मनाव दोघांचं एकच.

पुढची सात वर्षं ताराबाईंनी जे केलं त्याला तोड नाही. बादशहाने सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा घेतले. ताराबाईंच्या सरदारांनी एकीकडे ते परत घ्यायला सुरुवात केली आणि दुसरीकडे माळवा-गुजरातपर्यंत घोडी फेकली. औरंगजेब थकला आणि १७०७ च्या सुरुवातीला अहमदनगरजवळ मेला. हे इतकं विस्ताराने सांगायचं कारण असं की ताराबाईंना गादीला चिकटून बसलेली हट्टी काकू म्हणून रंगवायची आपल्याकडे सवय आहे, आणि तो मला त्यांच्यावरचा अन्याय वाटतो.

आता हक्क कुणाचा? समजा, वडिलोपार्जित जमीन थोरल्या भावाच्या हातून गेली, सावकाराने ताबा घेतला. धाकट्याने घाम गाळून, भांडून ती सोडवली. धाकटा मेला, त्याच्या बायकोने सात वर्षं ती जमीन राखली. मग एके दिवशी थोरल्याचा मुलगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, सातबारा माझ्या नावावर करा. गावची पंचायत काय निवाडा देईल? दोन तट पडतील, आणि दोन्ही तटांचं म्हणणं खोटं नसेल.

ताराबाईंचं म्हणणं नेमकं हेच होतं. थोरल्या महाराजांनी मिळवलेलं राज्य संभाजीराजांच्या काळात गेलं. आज आहे ते राजारामांनी नव्याने कमावलेलं आहे, तेव्हा त्यावर हक्क त्यांच्या मुलाचा. शाहूंच्या बाजूचं म्हणणं असं, की राजाराम कारभारी म्हणून गादीवर होते, शाहू कैदेत म्हणून. थोरल्या घराचा वारस सुटून आला की त्याचं त्याला द्यायचं. राजारामांच्या स्वतःच्या पत्रव्यवहारातही शाहू एक दिवस परत येतील आणि राज्य त्यांचंच आहे, अशा अर्थाचा मजकूर आहे. माझा कल विचाराल तर कायद्याने शाहू, कर्तृत्वाने ताराबाई. पण राज्याला दोन धनी असू शकत नाहीत.

सुटका झाली, ती कुणाच्या सोयीची?

औरंगजेब मेल्यावर त्याचा मुलगा आझमशहा तख्तासाठी भावाशी लढायला उत्तरेकडे निघाला. शाहू त्याच्या छावणीत होते. भोपाळच्या अलीकडे-पलीकडे दोराहा नावाची जागा आहे, तिथे मे १७०७ मध्ये त्याने शाहूंना सोडलं. सल्ला झुल्फिकारखानाचा. हा तोच सरदार, ज्याने अठरा वर्षांपूर्वी रायगड घेऊन या मुलाला कैद केलं होतं. त्याचा हिशेब सरळ होता : हा परत गेला की मराठे आपसात लढतील आणि दख्खनमध्ये मोगलांच्या पाठीला डोकेदुखी राहणार नाही. जामीन म्हणून येसूबाई आणि कुटुंबातली इतर माणसं मोगलांनी आपल्याकडेच ठेवली. महिनाभरातच आझमशहा जाजऊच्या लढाईत मारला गेला. पण येसूबाईंची सुटका व्हायला त्यापुढे बारा वर्षं लागली, १७१९ उजाडलं.

शाहूंच्या बरोबर तेव्हा मूठभर माणसं होती. नर्मदा ओलांडून ते खानदेशात आले आणि सरदार येऊन मिळू लागले. परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, अमृतराव कदमबांडे. हे सरदार सामील होतात म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. शिवाजी महाराजांच्या वेळी सैन्याला पगार सरकारातून मिळे. राजारामांच्या काळात खजिना रिकामा होता, म्हणून सरदारांना मुलूख तोडून द्यावे लागले : तुम्ही जिंका, तुम्ही वसूल करा, तुमची फौज तुम्ही पोसा. या व्यवस्थेने राज्य तगलं, पण सरदाराची फौज ही सरदाराची झाली. म्हणून १७०७ मध्ये एक सरदार फिरला की त्याच्या मागे हजारो घोडी फिरत. ‘राजा कोण?’ याचं उत्तर दरबारात मिळत नव्हतं, एकेका सरदाराच्या तंबूत मिळत होतं.

आणि प्रत्येक तंबूत पहिला सवाल तोच, हा खरा कशावरून?

ताराबाईंनी जाहीरच केलं होतं की आलेला माणूस तोतया आहे, मोगलांनी पढवून पाठवलेला. आज आपल्याला हे कांगाव्यासारखं वाटतं, पण तेव्हाच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. सात वर्षांचं पोर गेलं आणि मिसरूड फुटलेला पुरुष परत आला. त्याचा चेहरा कुणी बघितलाय? फोटो नाही, कागद नाही, जन्माचा दाखला नाही. उठणं-बसणं सगळं मोगल छावणीत शिकलेलं. वाटेत तो खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवर जाऊन आला, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. ज्याने बापाचे हाल करून मारलं त्याच्या कबरीवर! ज्यांची घरं त्या बादशहाच्या फौजांनी जाळली होती त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल? शंका घ्यायला जागा होती, हे मान्य करायलाच हवं.

मग ओळख पटवायची कशी? त्या काळात याचं एक साधन अन्न होतं. परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून हे खरेच आमचे राजे आहेत याची ग्वाही दिली, असं सांगतात. एका ताटात जेवणं हा आज आपल्याला जिव्हाळ्याचा प्रकार वाटतो. तेव्हा तो पुरावा होता. ज्याच्या जातकुळीची खात्री नाही त्याच्या ताटात कुणी हात घालत नसे. एका मातब्बर सरदाराने चारचौघांत, फौजेच्या देखत तो घास घेतला म्हणजे त्याने आपलं कूळ आणि आपली इज्जत या माणसामागे लावली. बातमी कानोकानी पसरली ती या घासाची.

गंमत अशी की ताराबाईंनीही अन्नालाच साक्षी ठेवलं. त्यांनी आपल्या प्रमुख माणसांना दूधभाताची शपथ घ्यायला लावली, की आम्ही तुमच्या मुलाशी इमान राखू. शपथ मोडली तर अन्न बाधेल, ही भीती खरी होती. ती किती खरी होती ते पुढे एका माणसाच्या शेवटावरून दिसतं.

दक्षिणेकडे येताना घडलेला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. औरंगाबादच्या मुलखात पारद नावाचं गाव. तिथल्या पाटलाने, सयाजी लोखंड्याने, शाहूंच्या माणसांना अडवलं. लढाई जुंपली, पाटील मारला गेला, गाव हरलं. तेव्हा पाटलाची बायको आपलं लहान पोर घेऊन आली आणि तिने ते शाहूंच्या पालखीपुढे टाकलं : याचा बाप गेला, आता तुम्हीच सांभाळा. स्वतः बापाविना, शत्रूच्या छावणीत वाढलेल्या शाहूंच्या मनात काय आलं असेल ते आपण ताडू शकतो. त्यांनी पोराला उचललं. परतल्यावरचा पहिला विजय म्हणून त्याचं नाव ठेवलं फत्तेसिंह, आडनाव दिलं आपलं, भोसले, आणि मुलासारखा वाढवला. अक्कलकोटचं राजघराणं या मुलापासून सुरू झालं. आलेल्या माणसाचा स्वभाव काय आहे, हे लोकांना या एका कृतीतून कळलं असणार.

भीमेच्या दोन काठांवर

ताराबाईंनी शाहूंना अडवायला फौज पाठवली. तिचे दोन म्होरके : सेनापती धनाजी जाधव आणि परशुराम त्रिंबक प्रतिनिधी (प्रतिनिधी हे राजाच्या नावाने कारभार बघणारं पद). प्रतिनिधी ताराबाईंचे पक्के. धनाजींचं तसं नव्हतं. संताजी घोरपड्यांच्या बरोबरीने मोगलांना सळो की पळो करून सोडलेले हे सेनापती, जिजाऊंच्या माहेरच्या, सिंदखेडच्या जाधव घराण्यातले. शपथ त्यांनीही घेतली होती, पण मनात खोच ठेवून : हा तोतया असेल तर लढू, खरा असेल तर आमच्या धन्यावर हत्यार कसं धरायचं?

म्हणून खात्री करून घ्यायला माणूस पाठवला गेला. खंडो बल्लाळ चिटणीस. यांच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, संभाजीराजांनी देहदंड दिला होता. म्हणजे ज्याला संभाजीराजांच्या घराचा राग यायचा हक्क होता, त्याच माणसावर संभाजीराजांचा मुलगा ओळखायची वेळ आली. ते भेटून आले आणि बखरी सांगतात त्याप्रमाणे त्यांचं उत्तर सरळ होतं : शाहू खरे आहेत.

धनाजींच्या हाताखाली महसुलाचं काम बघणारा एक हुशार ब्राह्मण अधिकारी होता, कोकणातल्या श्रीवर्धनचा बाळाजी विश्वनाथ भट. धनाजींचं मन शाहूंकडे वळवण्यात त्याचा मोठा वाटा मानला जातो. लढाईच्या आधी धनाजी आणि शाहू यांच्यात गुप्तपणे बोलणं झालं आणि ठरलं की धनाजी लढल्यासारखं दाखवतील, लढणार नाहीत.

मला वाटतं, धनाजींच्या मनात नुसती निष्ठा नव्हती. ताराबाईंच्या कारभारात प्रतिनिधींचं वजन वाढत चाललं होतं आणि सेनापतीला ते खुपत होतं. औरंगजेब मेल्याने बाहेरचा शत्रू दूर झाला होता. जोवर तो छाताडावर होता तोवर हे सगळे हेवेदावे दाबून राहिले. तो गेला आणि आतली भांडी वाजायला लागली. पण धनाजींना फिरायला एक सन्मानाचं कारण लागत होतं, आणि ‘हा खरा धनी आहे’ हे ते कारण होतं.

लढाईचं वर्णन त्यामुळे चार ओळींत आटोपतं. १२ ऑक्टोबरला भीमेकाठी फौजा भिडल्या. प्रतिनिधी जीव तोडून लढले. सेनापतीची फौज हललीच नाही. आपण एकटे पडलोय हे लक्षात आल्यावर प्रतिनिधी साताऱ्याकडे मागे सरले, आणि धनाजी शाहूंना येऊन मिळाले. खेडमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीची दिलावरखानाची कबर आणि मशीद आजही आहे. तो दिवस पाहिलेली वास्तू म्हणून मला ती थांबून बघावीशी वाटते, कारण त्या लढाईची म्हणून दुसरी मोठी खूण या गावात माझ्या नजरेला कधी पडली नाही.

पण लढाई छोटी होती म्हणून तिची किंमत कोणी चुकवली नाही असं नाही. राजगड, तोरणा आणि आजूबाजूचा मावळ शंकराजी नारायण सचिवांच्या ताब्यात होता. राजाराम जिंजीला असताना ज्या मोजक्या माणसांनी इथे राज्य धरून ठेवलं त्यांतले हे एक. शाहू शिरवळला आले आणि सचिवांना बोलावणं गेलं. आता काय करायचं? न जावं तर खऱ्या धन्याशी वैर, जावं तर दूधभाताची शपथ मोडते. त्यांनी दोन्ही केलं नाही. ऑक्टोबर संपायच्या आतच अंबवडे इथे त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. जलसमाधी घेतली, असं परंपरा सांगते. सेनापतीला जी वाट सापडली ती सचिवाला सापडली नाही. या दोघांत बरोबर कोण, हे ठरवायचं धाडस मला होत नाही. शाहूंनी त्यांच्या लहान मुलाला, नारो शंकरला, सचिवपद दिलं. भोरच्या पंत सचिवांचं घराणं ते हेच.

सातारा मात्र प्रतिनिधींनी सहज सोडला नाही. ते किल्ल्यात वेढा झेलत बसले. किल्ल्यावरचा एक अधिकारी होता शेख मिरा, त्याची बायकापोरं वाईला. शाहूंच्या माणसांनी ती ताब्यात घेतली आणि किल्ला दिला नाहीस तर यांना तोफेच्या तोंडी देऊ अशी धमकी दिली, असं बखरी सांगतात. शेख मिऱ्याने किल्ला शाहूंच्या हवाली केला आणि प्रतिनिधी कैदेत पडले. पारदच्या पोराला उचलून घेणारे शाहू आणि ही धमकी, दोन्ही एकाच वर्षातलं आहे, हे विसरून चालणार नाही. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई मुलाला घेऊन पन्हाळ्याला गेल्या.

एका राज्याच्या दोन गाद्या झाल्या त्या इथून. झुल्फिकारखानाचा हिशेब अर्धा बरोबर निघाला : मराठे पुढची वीस-बावीस वर्षं आपसात झगडले. १७१४ मध्ये खुद्द पन्हाळ्यावर पालट होऊन सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांनी ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. अखेर १३ एप्रिल १७३१ च्या तहाने वारणा नदी सीमा ठरली : उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर. हिशेबाचा दुसरा अर्धा भाग पार चुकला. धनाजी १७०८ मध्येच वारले, आणि त्यांच्या हाताखालचा तो महसूल अधिकारी शाहूंच्या डोळ्यांत भरला होता. १७१३ मध्ये शाहूंनी त्याला पेशवा केलं. १७१९ मध्ये तोच दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या, म्हणजे दख्खनच्या मोगल मुलखातून वसुलीचा हक्क देणाऱ्या, सनदा घेऊन आला, येसूबाईही तेव्हाच परतल्या. त्याचा मुलगा पहिला बाजीराव.

ताराबाईंची गोष्ट मात्र इथे संपत नाही. शाहू १७४९ च्या डिसेंबरात वारले, त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत सत्तरी ओलांडलेल्या ताराबाईंनी सांगितलं की आपला एक नातू लपवून वाढवलेला आहे, त्याला आणा. तो रामराजा. लोकांनी पुन्हा तोच सवाल विचारला, हा खरा कशावरून? या वेळी ताराबाई स्वतः त्याच्याबरोबर जेवल्या आणि त्या अन्नाची शपथ घेऊन सांगितलं की हा माझाच नातू. वर्ष सरायच्या आत दोघांचं बिनसलं, ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडला आणि जाहीर केलं की हा तोतया आहे. १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबापुढे त्यांनी तशी शपथही घेतली.

डिसेंबर १७६१ मध्ये ताराबाई गेल्या. रामराजा १७७७ पर्यंत साताऱ्याच्या गादीवर होता.